दिवाळीत पेरा, भोगीला खुडा

थंडीतल्या भाज्यांचा विषय या सदरात निघाला आणि नंतरच्या पत्रांत एकाच शेंगेबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झाली. ती शेंग म्हणजे स्नो पी. चपटी, फिकट हिरवी, आतले दाणे जेमतेम उमटलेले, सालासकट खायची मटारशेंग. मोठ्या दुकानांत ती छोट्या पाकिटात, महागाच्या भाज्यांच्या रांगेत असते. पण तिला लागतं ते एवढंच : चार-सहा खोलगट कुंड्या, थोडी सुतळी आणि आपल्याकडची थंडी. पुण्यात गच्चीवर मी सात हिवाळे ती लावते आहे. या वेलाबद्दल एक गोष्ट मला पक्की पटली आहे. तो खत फार मागत नाही, औषध मागत नाही, वेळ मात्र नेमकी मागतो. पेरायची वेळ आणि खुडायची वेळ या दोन सांभाळल्या की बाकीचं बरंचसं तो स्वतःच सांभाळतो. पत्रांतले प्रश्न त्या क्रमानेच घेते.

प्रश्न : मटारचे दिवस आले की आमची आई सालं टाकू देत नाही. प्रत्येक सालाच्या आतला पापुद्रा ओढून काढायचा आणि उरलेल्या सालांची बटाटा घालून भाजी करायची, हा तिचा शिरस्ता. स्नो पीला हा पापुद्रा का नसतो? ती मटारच आहे की वेगळीच शेंग? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : आईंच्या बोटांना जे ठाऊक आहे तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आज मटार सोलाल तेव्हा एक साल हातात घेऊन नीट पाहा. आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असते. सालाचं टोक आतल्या बाजूला दुमडून दाबलं की हिरवा गर कट्कन मोडतो, पण आतला पापुद्रा मोडत नाही. तो चिमटीत धरून खाली ओढला की पतंगाच्या कागदासारखी पारदर्शक, ताठ पट्टी निघून येते. ती तोंडात टाकली तर कितीही चावा, चोथाच राहतो. मागे उरलेला हिरवा भाग कोवळा आणि गोडसर असतो, आणि आई त्याचीच भाजी करतात.

मटारच्या झाडाला मात्र हा पापुद्रा मोलाचा. त्यातले तंतू तिरक्या दिशेने बसलेले असतात. शेंग वाळू लागली की ते आक्रसतात, सालांना पीळ पडतो, शेंग तडकते आणि दाणे लांब उडतात. रानात वाढणाऱ्या वेलाला वंश पसरवायचा हाच मार्ग. स्नो पीमध्ये पापुद्रा तयारच होत नाही. तिची शेंग वाळली तरी तडकत नाही, दाण्यांभोवती सुरकुतून चिकटून बसते. झाडाच्या दृष्टीने हे वैगुण्य आहे. कुणा शेतकऱ्याने ते हेरलं, अशा शेंगांचं बी जपलं, आणि अख्खी खाता येणारी शेंग आपल्याला मिळाली. फ्रेंच लोक तिला ‘मांज-तू’ म्हणतात, म्हणजे ‘सगळंच खा’.

तेव्हा स्नो पी हा मटारच आहे. शास्त्रीय नावही तेच, पायसम सटायव्हम. फरक आनुवंशिक गुणाचा आहे, आणि तो गुण विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या मानाने नोंदला गेलेला आहे. ब्रून इथल्या मठात (आज हे शहर ब्रनो या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे) ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात मटारवर प्रयोग केले. त्यासाठी निवडलेल्या सात गुणांपैकी एक होता शेंगेचा आकार : फुगीर की दाण्यांच्या मधे आवळलेला. आवळलेली शेंग म्हणजे पापुद्रा नसलेली शेंग. दोन्हींचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळ्या शेंगा फुगीर आल्या. दुसऱ्या पिढीतल्या १,१८१ झाडांपैकी ८८२ झाडांना फुगीर आणि २९९ झाडांना आवळलेल्या शेंगा आल्या, म्हणजे जवळजवळ तिनास एक. पापुद्रा नसणं हा गुण दबून राहतो, पण नाहीसा होत नाही, हे त्यातून दिसलं. पुढे कळलं की पापुद्र्यामागे दोन जनुकं आहेत. त्यांतलं एकच बदललं तर पापुद्रा तुटक, अर्धवट राहतो. दोन्ही बदलली तर तो पूर्ण जातो.

याच शेंगेची एक धाकटी बहीणही आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले पैदासकार कॅल्व्हिन लॅम्बॉर्न यांनी जाड सालाच्या एका मटारझाडाचा स्नो पीशी संकर केला. त्यातून भरदार दाण्यांची, तरीही सालासकट खायची ‘शुगर स्नॅप’ शेंग आली. १९७९मध्ये तिला तिथल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. स्नो पी चपटी असताना खायची आणि स्नॅप पी भरल्यावर खायची. बी घेताना हा फरक लक्षात असू द्या.

प्रश्न : किराणा दुकानातला वाटाणा पेरला तर स्नो पी येईल का? नसेल तर बी कोणतं घ्यावं? (नाशिक)

उत्तर : वाटाणा पेरलात तर तो उगवेल, फुलेल, शेंगाही येतील, पण त्या पापुद्र्याच्याच असतील. उसळीचा वाटाणा ज्या जातींचा असतो त्यांचे दाणे वाळवून वापरायचे असतात, त्यामुळे सालाचा विचार तिथे कुणी केलेलाच नसतो. बी खात्रीचंच घ्या आणि पाकिटावर ‘शेंगेसकट खाण्याची जात’ असा उल्लेख आहे ना, ते बघा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का अपूर्वा’ आणि ‘अर्का संपूर्णा’ या जाती सालासकट खाण्यासाठीच आहेत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाची ‘मिठी फली’ही त्याच कामाची. परदेशी जातींत ‘ओरेगॉन शुगर पॉड’ बहुतेक बियाणेविक्रेत्यांकडे असते. तिचा वेल दोन-अडीच फुटांवर थांबतो, म्हणून कुंडीला सोयीचा. ‘मॅमथ मेल्टिंग शुगर’ पाच फुटांपर्यंत चढतो. त्याला भिंतीलगतची जाळी हवी.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा लाल दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे असं समजा. ते हाताळल्यावर हात धुवा. उरलेलं बी पक्ष्यांना टाकू नका आणि स्वयंपाकघरात ठेवू नका.

प्रश्न : नाव ‘स्नो’, म्हणून महाबळेश्वरलाच लावावी लागेल असं वाटलं. तरी फेब्रुवारीत गच्चीवर पेरून पाहिली. वेल वाढले, फुलं आली आणि सगळी गळून गेली. काय चुकलं? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : तुमची मशागत चुकलेली नाही, महिना चुकला. या शेंगेला बर्फाची गरज नाही. कोवळी रोपं हलके हिमकण सोसतात, पण फुलांवर आणि शेंगांवर हिम पडलं तर त्या काळवंडतात. तिला हवा असतो गारवा. रात्री थंड, दिवसा कोवळं ऊन आणि पारा २०-२५ अंशांच्या आसपास असला की ती खुशीत असते. दुपार ३० अंशांच्या वर जाऊ लागली की फुलं आणि कोवळ्या शेंगा गळतात. फेब्रुवारीत पेरलेल्या वेलाला फुलं येतात मार्चअखेर, आणि तेव्हा पुण्यात पारा ३५च्या पुढे गेलेला असतो.

म्हणून कॅलेंडर उलटं मोजा. पेरल्यापासून पहिली शेंग खुडेपर्यंत साधारण ५५ ते ६५ दिवस लागतात. फुलं यायला हवीत डिसेंबरअखेर ते जानेवारीत. म्हणजे पेरणी यायला हवी दिवाळीच्या आगेमागे. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात ऑक्टोबरचं ऊन ओसरल्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. नागपूर-अमरावतीकडे थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारीतच ऊन चढतं. तिथे नोव्हेंबरच्या मध्यापुढे लांबवू नका. सगळं बी एकदम पेरण्यापेक्षा दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत पेरलंत तर शेंगाही हप्त्याहप्त्याने मिळत राहतात.

मुंबई, कोकणकिनारा आणि गोवा इथल्या वाचकांना मी खोटी आशा दाखवणार नाही. तिथे थंडीचे दिवस थोडे आणि दुपारी उबदार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बुटकी जात पेरा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा. दोन-चार मूठ शेंगा मिळाल्या तर समाधान माना. खिडकीत मात्र तुम्हाला दुसरं सुख आहे. पसरट ट्रेमध्ये बी दाट पेरा आणि तीन आठवड्यांनी कोवळे शेंडे कात्रीने कापा. चिनी स्वयंपाकात या शेंड्यांना मोठा मान आहे. आपल्याकडे लसणाच्या फोडणीत क्षणभर परतले की झालं. चवीला मटार, पोताला पालेभाजी.

गारवा फक्त हिवाळ्यातच असतो असंही नाही. पुरंदर तालुक्यातले शेतकरी मटार पावसाळ्यात घेतात, कारण त्या पठारावर ढगाळ हवेने दिवस थंड राहतात. सासवडचा मटार म्हणूनच ऐन पावसाळ्यात मंडईत दिसतो. तुमचं गाव तशा उंचीवर असेल आणि जमिनीत पाणी साचत नसेल तर जूनअखेरीस थोडं बी पेरून बघायला हरकत नाही.

प्रश्न : किती कुंड्या, कोणती माती, बी भिजवायचं का? अगदी पायरीपायरीने सांगा. (डोंबिवली)

उत्तर : कुंडीला खोली हवी दहा-बारा इंच. चौदा इंच व्यासाच्या कुंडीत आठ-दहा वेल मावतात. चार माणसांना एका वेळची भाजी हवी तर २५ ते ३० वेल लावा, म्हणजे अशा तीन-चार कुंड्या झाल्या. कुंडीपेक्षा लांबट क्रेट किंवा पिशवी घेतलीत तर एका ओळीत जाळी लावणं सोपं जातं.

मिश्रण असं : दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. माती ओली करून मुठीत दाबा. गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. नुसताच चिकट लाडू झाला तर त्यात वाळू किंवा कोकोपीट वाढवा. पाणी साचणारी माती मटारची वैरीण आहे.

बी आदल्या रात्री भिजवा, सकाळी पेरा. आठ-दहा तास पुरेत. चोवीस तास पाण्यात ठेवलेलं बी गुदमरतं आणि मातीत गेल्यावर कुजतं. बुरशीनाशक चोळलेलं बी भिजवू नका, तसंच पेरा. पेरणीची खोली एक ते दीड इंच, दोन बियांत अंतर दोन-तीन इंच. पेरल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवा. आठवड्याभरात वाकलेल्या मानेचे हिरवे कोंब वर येतात. याच दिवसांत कबुतरं आणि साळुंक्या घात करतात. कोंब उपटून दाणा खातात आणि आपल्याला वाटतं बीच खराब होतं. वेल पाच-सहा इंचांचा होईपर्यंत कुंडीवर जाळी टाकून ठेवा.

फुलं येईपर्यंत पाणी बेताचं द्या. मातीत बोटाचं एक पेर घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. फुलं आल्यावर मात्र एकदाही माती सुकू देऊ नका, कारण शेंगेचा कोवळेपणा तिथेच ठरतो.

प्रश्न : जाड बांबू रोवून दिले, तरी वेल चढत नाहीत, खाली लोळतात. (सांगली)

उत्तर : वेलाच्या पानाचं टोक जवळून बघा. पानाच्या शेवटच्या पर्णिका बारीक होऊन त्यांचे दोरे झालेले आहेत. हे ताणे हवेत हळूहळू फिरत असतात आणि काही लागलं की काही तासांत त्याला वेढा घालतात. पण वेढा मारायला वस्तू बारीक हवी. सुतळी, तार, जाळीचा धागा, बारीक काटकी त्यांना पकडता येते. बांबूचा घेर त्यांच्या कवेत मावत नाही. बांबू काढू नका, दोन बांबूंच्या मधे चार-चार इंचांवर सुतळीच्या आडव्या ओळी बांधा. शेताकडे कुणाची ये-जा असेल तर तुराट्या मागवा. फांद्या-फांद्यांच्या वाळक्या तुराट्या कुंडीत उभ्या खोचल्या की त्याहून चांगला आधार नाही. आधार पेरतानाच द्या. वेल मोठा झाल्यावर काठी खुपसली तर मुळं दुखावतात.

प्रश्न : एक रोप सुकलं म्हणून उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. कीड आहे का? बाकीची झाडंही काढून टाकू का? (लातूर)

उत्तर : एकही काढू नका! त्या गाठी म्हणजे तुमच्या कुंडीतला खताचा कारखाना आहे. त्यांत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं, आणि ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. १८८०च्या दशकात जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी हे दाखवून दिलं. त्यांच्या प्रयोगांतलं एक मुख्य पीक मटारच होतं.

पुढच्या वेळी अशी एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती कामावर आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नातं सांगणाऱ्या द्रव्याचा असतो. आतून पांढरी असेल तर काम अजून सुरू झालेलं नाही, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेलं आहे. सूत्रकृमींच्या गाठी वेगळ्या असतात. तिथे मूळच फुगलेलं असतं. जिवाणूंची गाठ मण्यासारखी मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने सहज सुटते.

नव्या कुंडीत, विशेषतः कोकोपीटच्या मिश्रणात, हे जिवाणू बहुधा नसतात. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत आणि कृषी सेवा केंद्रांत रायझोबियमचं पाकीट मिळतं. मटारसाठीचंच मागा, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं नको. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियांना हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावलेल्या बियांना हे चोळून उपयोग नाही, जिवाणू मरतात. आणि युरिया अजिबात नको. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरत नाही, पानांचा पसारा वाढवतं आणि फुलं कमी देतं. हंगाम संपल्यावर वेल उपटू नका, मातीलगत कापा. मुळं तिथेच कुजली की पुढच्या मेथी-पालकाला त्यांचा फायदा होतो.

झाड सुकलं त्याचं कारण बहुधा मर किंवा मूळकूज असेल. पाणी कमी करा, कुंडीचं भोक तुंबलं आहे का ते पाहा आणि पुढच्या वर्षी त्या मातीत मटार नको.

प्रश्न : पानांवर पिठासारखा पांढरा थर आणि शेंड्यांवर हिरवा मावा. अख्खी शेंग खायची म्हणून औषध मारायला मन धजत नाही. (कराड)

उत्तर : मन धजत नाही तेच बरोबर आहे. इथे साल टाकून द्यायचं नाही, फवारलेलं सगळं पोटात जाणार. माव्यासाठी रोज सकाळी शेंड्यांवर पाण्याची धार मारा. तेवढ्याने न हटल्यास लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि सौम्य साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा. ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. पानांत पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पानं खुडून टाका.

पांढरा थर म्हणजे भुरी. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दव, अशा जानेवारीअखेरच्या हवेत ती हमखास येते. वेल दाट लावू नका, वारा खेळू द्या, खालची रोगट पानं काढत राहा. फुलं येण्याआधीच भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक पाकिटावरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारता येतं. शेंगा लागल्यावर मी ते वापरत नाही. निम्म्या शेंगा खुडून झाल्यावर भुरी आली तर तिच्याशी झगडू नका. वेलाचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं.

प्रश्न : आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. मधमाश्या फिरकत नाहीत. शेंगा धरतील का? (ठाणे)

उत्तर : नक्की धरतील. मटारचं फूल उमलायच्या आतच त्यातला पराग स्वतःच्या स्त्रीकेसरावर पडलेला असतो. मेंडेलने हे झाड निवडलं त्याचं एक कारण हेच. तुम्हाला वाऱ्याची काळजी घ्यावी लागेल. उंचावरचा वारा कोवळे वेल मोडतो आणि माती लवकर सुकवतो. कठड्याच्या आडोशाला ठेवा.

प्रश्न : बागेत फुलांसाठी लावलेल्या स्वीट पीलाही अगदी तशाच शेंगा आल्या आहेत. त्या खाव्यात का? (बेळगाव)

उत्तर : मुळीच नाही. सुवासिक फुलांची स्वीट पी ही वेगळी वनस्पती आहे आणि तिच्या शेंगा-बिया विषारी आहेत. तिची शेंग लवदार असते, मटारची गुळगुळीत. घरात लहान मुलं असतील तर दोन्ही वेल शेजारीशेजारी लावूच नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत आहोत. इथे कधी पेरायची? (एडिसन)

उत्तर : तुमच्याकडे ती वसंतातली पहिली पेरणी. बर्फ वितळून माती हाताला भुसभुशीत लागली की पेरा. गुढीपाडवा हा तुमच्यासाठी चांगला मुहूर्त आहे. जूनअखेरच्या उकाड्याआधी शेंगा संपतील. उन्हाळा उतरताना, ऑगस्टच्या मध्यात, दुसरी पेरणीही करता येते.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात भरपूर शेंगा आल्या. सगळ्या एकदम काढू म्हणून ठेवल्या, तर नव्या फुलांनी येणंच थांबवलं. शेंगाही चामट झाल्या. (कोथरूड, पुणे)

उत्तर : ही चूक बहुतेक जण पहिल्या वर्षी करतात आणि मीही केली आहे. पहिल्या हिवाळ्यात पाहुणे यायचे म्हणून मी आठ दिवस शेंगांना हात लावला नाही. जेवणाच्या दिवशी टोपलीभर शेंगा निघाल्या खऱ्या, पण दाणे फुगलेले, साल राठ. वेलानेही त्यानंतर फुलं दिली नाहीत.

वेलाचं म्हणणं समजून घ्या. त्याला शेंगा आपल्यासाठी धरायच्या नाहीत, बी पिकवायचं आहे. दोन-चार शेंगांतलं बी भरू लागलं की त्याचं काम झालं. मग तो सगळं बळ त्या बियांत ओततो आणि फुलणं थांबवतो. आपण कोवळ्या शेंगा खुडत राहिलो की काम अपुरं राहतं आणि तो पुन्हा फुलतो. फूल उमलल्यापासून सहा-सात दिवसांत शेंग तयार होते. तेव्हा ती अडीच-तीन इंच लांब, पूर्ण चपटी असते. उजेडासमोर धरली तर दाणे ठिपक्यांसारखे दिसतात. बोटाखाली दाण्याची गोलाई लागली की उशीर झाला असं समजा.

भर हंगामात एक दिवसाआड खुडणी करा, ऊन वाढलं तर रोज. सकाळी दव सुकल्यावरची वेळ उत्तम. एका हाताने वेल धरा आणि दुसऱ्या हाताने देठ मोडा. एका हाताने ओढलंत तर शेंगेबरोबर वेलही मुळातून हलतो. शेंगा पानांच्याच रंगाच्या असतात, त्यामुळे एका बाजूने बघून झालं की दुसऱ्या बाजूनेही बघा. राहून गेलेली एक शेंग अख्ख्या वेलाला निवृत्त करते. फुगलेल्या शेंगाही काढून घ्या आणि सोलून दाणे वापरा.

खुडल्या क्षणापासून शेंगेतली साखर घटू लागते. त्यामुळे गच्चीवरून थेट कढईत गेलेली शेंग आणि चार दिवस पाकिटात राहिलेली शेंग या एकाच चवीच्या नसतात. आधी देठ मोडून घेवड्यासारखी कडेची शीर ओढून काढा. तेल तापवा, मोहरी-जिरं, हिरवी मिरची, शेंगा, मीठ. मोठ्या आचेवर दोन मिनिटं, वर ओलं खोबरं, झाकण नको. रंग झळाळता हिरवा झाला की उतरवा.

पुढच्या वर्षीचं बी घरचंच हवं असेल तर दोन निरोगी वेलांना पहिल्याच दिवशी लाल दोरा बांधा आणि त्यांच्या शेंगांना हात लावू नका. परागीभवन फुलातल्या फुलात होत असल्याने बी जातीला धरून राहतं, फक्त मूळ बी संकरित नसावं. शेंगा वेलावरच पिवळ्या, कडकडीत वाळू द्या. साधा मटार वाळला की फुटतो, ही फुटणार नाही. सुरकुतलेलं साल दाण्यांना घट्ट बिलगलेलं असेल आणि एकेक दाणा बोटांनीच सोडवावा लागेल. आई जो पापुद्रा ओढून काढतात, तो या शेंगेत नसल्याची ही शेवटची खूण. दाणे आणखी आठवडाभर सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत, तारीख लिहून ठेवा.

यंदा दिवाळीचा फराळ करताना बी भिजत घाला. भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, हरभरा, पावटा, तीळ हे सगळं असतंच. त्यात यंदा सकाळी गच्चीवरून खुडलेल्या मूठभर चपट्या शेंगा पडू द्या, अगदी शेवटी, कढई उतरवायच्या दोन मिनिटं आधी.